बोट, काच आणि बालवर्ग

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट या दोन संशोधकांनी पाच वर्षांच्या पंधरा मुलांकडून अक्षरांचा सराव करून घेतला. या मुलांना अजून वाचता येत नव्हतं. काही अक्षरं त्यांनी कोऱ्या कागदावर बघून काढायची, काही ठिपक्यांवरून गिरवायची आणि काही कीबोर्डचं बटण दाबून उमटवायची, असे तीन प्रकार ठेवले होते. मग मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून तीच अक्षरं दाखवली. वाचता येणाऱ्या माणसाच्या मेंदूत अक्षर बघताना जे भाग जागे होतात, ते या मुलांच्या मेंदूतही जागे झाले. पण ते स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी. बटण दाबून उमटवलेल्या अक्षरांना मेंदूने तसा प्रतिसाद दिला नाही. गिरवलेल्या अक्षरांचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलं फार थोडी होती आणि मोजली गेली ती मेंदूतली हालचाल, वाचनाचे गुण नव्हेत. तरीही त्यामागचं स्पष्टीकरण विचार करायला लावणारं आहे. पाच वर्षांच्या मुलाने काढलेलं अक्षर दर वेळी वेगळं येतं. कधी त्याचं पोट फुगतं, कधी रेघ तिरकी जाते, कधी शेपूट लांबते. हे वेडेवाकडे नमुने बघता बघता, अक्षरात काय बदललं तरी चालतं आणि काय बदललं की अक्षरच बदलतं, हे मेंदू शिकत असावा. मुलाच्या चुका हाच त्याचा अभ्यास असतो.

आता बाजारात मिळणारं मुळाक्षरांचं कुठलंही ॲप उघडून पाहा. ठिपक्यांचा ‘अ’, त्यावर बाण, बाणामागून बोट फिरवायचं. बोट रेषेबाहेर गेलं तर रेघ उमटत नाही. बरोबर फिरवलं की टाळ्या आणि चांदण्या. म्हणजे ज्या चुकांमधून मूल शिकण्याची शक्यता आहे, नेमक्या त्याच चुका यंत्र होऊ देत नाही. बालवर्गातल्या टॅबलेटबद्दल भांडण होतं ते ‘हवा की नको’ यावर. त्याऐवजी टॅब चालू असताना मुलाचा हात, जीभ आणि शेजारचा सोबती काय करत आहेत हे विचारलं, तर गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या संशोधनातून बरीच स्पष्ट उत्तरं मिळतात.

मुलांसाठीच सुचलेलं यंत्र

टॅब आधी मोठ्या माणसांच्या हाती आला आणि मग शाळेत शिरला, असं आपल्याला वाटतं. कल्पनेचा इतिहास मात्र उलटा आहे. संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ नावाच्या, वहीएवढ्या, कुठेही नेता येणाऱ्या संगणकाचा आराखडा मांडला, तो ‘सर्व वयांच्या मुलांसाठी’ म्हणूनच. के यांच्यावर प्रभाव होता सेमोर पॅपर्ट यांचा. पॅपर्ट हे जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्या हाताखाली बालमन अभ्यासलेले गणितज्ञ. १९६७ मध्ये ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी ते एक. मुलाने संगणकाला कामाला लावावं, त्याच्याकडून चित्रं काढून घ्यावीत, चुकलं तर स्वतःच शोधून दुरुस्त करावं, ही त्यांची धारणा होती. आयपॅड २०१० मध्ये बाजारात आला, तेव्हा यंत्र जवळपास तसंच निघालं. मात्र मुलाची भूमिका बदलली होती. घडवणारं मूल बघणारं झालं.

यंत्र लहानांच्या हाताला सोपं का जातं, याचं उत्तर काचेखाली आहे. तिथे इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक आणि वीजवाहक पदार्थाच्या बारीक रेषांची जाळी असते. आपलं शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट काचेजवळ येताच त्या जागेची विद्युतधारिता किंचित बदलते. यंत्र हा बदल सेकंदाला कित्येक वेळा मोजतं आणि बोट कुठे आहे ते ठरवतं. दाब द्यावा लागत नाही. माउस वापरताना हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, अशी फोड करावी लागायची. ती लहान मुलांना अवघड जायची. टॅबवर जिथे नजर तिथेच बोट. म्हणून बोलता न येणारं मूलही टॅब उघडून चालवताना दिसतं आणि घरच्यांना ते फार हुशार वाटू लागतं. त्या हुशारीतला मोठा वाटा काचेखालच्या जाळीचा असतो.

याच जाळीच्या काही अडचणी फक्त बालवर्गातच दिसतात. मूल लिहिताना तळहात टेकवतं, दुसऱ्या हाताने कड घट्ट धरतं. काचेला तेही बोटच वाटतं. मग भलतंच चित्र उघडतं आणि मुलाला वाटतं, आपलं उत्तर चुकलं. टिचकी मारणं लहानांना सहज जमतं, पण बोट न उचलता एखादी वस्तू ओढत नेणं पुष्कळांना कठीण जातं. त्यामुळे ‘तीन आंबे टोपलीत टाका’ या प्रश्नात मूल अडखळलं, तर ते तीनपाशी अडलं की ओढण्यापाशी, हे बाईंनी शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

लिहिण्याच्या बाबतीत आणखी एक मुद्दा येतो घर्षणाचा. पाटीवर पेन्सिल खरखरते आणि ती खरखर हाताला वेग सांगते, वळण सांगते. काच गुळगुळीत असते. डेनिस अलामार्गो आणि मारी-फ्रान्स मोरँ यांनी २०१५ मध्ये दुसरी आणि नववीच्या मुलांना कागदावर आणि टॅबच्या काचेवर लिहायला लावून तुलना केली, तेव्हा गुळगुळीत काचेवर लेखणीवरचा ताबा राखण्यासाठी दोन्ही वयांच्या मुलांना आपलं लिहिणं बदलावं लागतं, असं दिसलं. हात अजून वळणावर यायचा असेल, तर पहिलं अक्षर काचेवर काढण्यात शहाणपण नाही.

पडद्यावरचं पडद्यातच

दुसरा मोठा प्रश्न असा की, पडद्यावर शिकलेलं बाहेर उपयोगी पडतं का? जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रेचल बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा महिन्यांच्या बाळांना बटण दाबून खेळणं वाजवायला शिकवलं. काहींना खऱ्या खेळण्यावर, काहींना स्पर्शपटलावरच्या त्याच खेळण्याच्या चित्रावर. ज्यांना जिथे दाखवलं, त्यांनी तिथे ते झकास करून दाखवलं. पण पडद्यावर शिकलेल्यांपुढे खरं खेळणं ठेवलं किंवा खऱ्यावर शिकलेल्यांपुढे पडदा ठेवला, की कामगिरी घसरली. दोन मितींतलं ज्ञान तीन मितींत नेणं लहान मेंदूला जड जातं. वाढत्या वयात ही अडचण कमी होत जाते, पण ती आपोआप आणि पूर्ण मिटते असं धरून चालता येत नाही.

भाषेबद्दलचा पुरावा त्याहून बोलका आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या, पुस्तकं वाचून दाखवू लागल्या. बारा बैठकींनंतर त्या बाळांना चिनी ध्वनींमधला सूक्ष्म फरक ओळखता येऊ लागला. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणं चित्रफितीवर दाखवलं. त्या गटाने काहीही आत्मसात केलं नाही. कान तेच होते, आवाज तोच होता. कमतरता होती ती प्रतिसाद देणाऱ्या माणसाची.

मग चार-सहा वर्षांच्या मुलांना टॅबचा उपयोग शून्य का? तसंही नाही. शिकागोमध्ये पहिलीच्या ५८७ मुलांवर झालेला आणि २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास पाहण्यासारखा आहे. टालिया बर्कोविट्झ, सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबांना असं ॲप दिलं, ज्यात झोपण्यापूर्वी आईवडिलांनी मुलाबरोबर एक छोटा उतारा वाचायचा आणि त्यावरची गणितं सोडवायची. दुसऱ्या कुटुंबांना गणित नसलेलं, वाचनाचं तसंच ॲप दिलं. वर्षाच्या शेवटी गणिताचं ॲप नियमित वापरणारी मुलं पुढे गेलेली दिसली. सर्वांत जास्त फायदा झाला तो ज्यांच्या आईवडिलांना स्वतःलाच गणिताची भीती वाटते, त्या मुलांना. इथे ॲपमध्ये नाचणारे प्राणी नव्हते की चांदण्या नव्हत्या. गणितावर घरात बोलायचं कसं हे ज्यांना सुचत नव्हतं, त्या मोठ्यांना ॲपने विषय पुरवला, आणि शिकवणं झालं ते त्यांच्या बोलण्यातून.

चांदण्या, टाळ्या आणि गोष्ट

कॅथी हर्श-पासेक, जेनिफर झोश, रॉबर्टा गॉलिन्कॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शिकण्याच्या विज्ञानातून ॲपसाठी चार कसोट्या काढल्या. मुलाचं डोकं कामाला लागतं का, नुसतं बोट नव्हे? लक्ष एका गोष्टीवर टिकतं का? जे शिकतं त्याचा त्याच्या आयुष्याशी संबंध लागतो का? आणि त्यात दुसऱ्या माणसाला जागा आहे का? पुढे २०२१ मध्ये याच कसोट्यांवर लहान मुलांची लोकप्रिय ‘शैक्षणिक’ ॲप तपासली गेली. निम्म्याहून अधिक ॲप खालच्या दर्जाची ठरली. दुकानावर ‘शैक्षणिक’ पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

चित्रमय गोष्टींच्या पुस्तकांबाबत तर चांगला मोठा पुरावा हाती आहे. झोफिया ताकाच, एलिझ स्वार्ट आणि आद्रियाना बस यांनी ४३ अभ्यासांतल्या २,१४७ मुलांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला. गोष्टीत जे घडतंय तेच चित्रात हलताना दिसलं, पावसाच्या वाक्याला पावसाचा आवाज आला, तर मुलांना गोष्ट अधिक समजते आणि शब्दही अधिक लक्षात राहतात. पण त्याच पानावर दाबलं की उडणारा पक्षी, मधेच येणारा खेळ, टिचकी मारली की वाजणारं वाद्य असं काही घातलं, की फायदा नाहीसा होतो. कुणी गोष्ट सांगत असताना शेजारच्याने सारखी खोडी काढावी, तसं ते होतं. ज्या वैशिष्ट्यांमुळे पालक ॲप विकत घेतात, तीच बऱ्याचदा शिकण्याच्या आड येतात.

खरं तर याच पडद्यावर मुलाला घडवायला लावणारी साधनंही आहेत. २०१४ मध्ये आलेलं ‘स्क्रॅचज्युनिअर’ हे पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. वाचता येत नसलं तरी चित्रांचे ठोकळे जोडून मूल स्वतःची छोटी गोष्ट हलती करू शकतं. पॅपर्ट यांचा वारसा तिथे दिसतो. त्याहून साधी साधनं प्रत्येक टॅबमध्ये असतातच: कॅमेरा आणि आवाज टिपण्याची सोय. अंगणातल्या पाच वेगवेगळ्या पानांचे फोटो काढून आणा, आजीकडून एक गोष्ट ऐका आणि ती स्वतःच्या आवाजात सांगा, असं काम दिलं तर मूल बाहेर पडतं, माणसांशी बोलतं आणि परत येऊन वर्गाला काही सांगतं. त्यासाठी एकही ॲप विकत घ्यावं लागत नाही.

ऑबर्न ते मलावी

वर्गात टॅब आणून प्रत्यक्ष काय घडलं? अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ऑबर्न या गावाने २०११ मध्ये बालवर्गातल्या मुलांना आयपॅड द्यायचं ठरवलं. आधी सोळा वर्गांपैकी आठ वर्गांना ते दिले आणि काही आठवड्यांनी साक्षरतेच्या दहा चाचण्यांमध्ये तुलना केली. दहापैकी नऊ चाचण्यांत आयपॅडवाले वर्ग पुढे होते, अशी बातमी झाली. मात्र ऐकलेले ध्वनी अक्षरांत उतरवण्याची एक चाचणी सोडली, तर बाकीचे फरक योगायोगानेही पडू शकतील इतके लहान होते. बातमी खोटी नव्हती. ती अर्धीच सांगितली जात होती. शाळेसाठी महागडी खरेदी करताना समोर ठेवलेले आलेख वाचण्याचा हा धडा आहे.

यंत्र वाटणं म्हणजे शिक्षण नव्हे, हे पेरूमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसलं. निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या मोहिमेतून तिथल्या ग्रामीण शाळांत लाखो छोटे लॅपटॉप गेले. ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. यंत्रं पोचली होती, मुलं ती वापरतही होती. पण गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत थोडी प्रगती आढळली, इतकंच.

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतल्या मलावीचं. तिथे पहिलीच्या वर्गात एका शिक्षकासमोर शंभराच्या आसपास मुलं असणं नवलाचं नाही. ब्रिटनमधल्या ‘वनबिलियन’ या संस्थेने तयार केलेले गणिताचे पाठ राजधानी लिलाँग्वेतल्या एका शाळेत पहिली ते तिसरीच्या मुलांना त्यांच्याच चिचेवा भाषेत, टॅबवर, आठ आठवडे दिले गेले. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या निकोला पिचफर्ड यांनी २८३ मुलांवर ही चाचणी घेतली. त्यात तीन गट होते. एका गटाला गणिताचे टॅब, दुसऱ्याला टॅब पण गणिताविना, तिसऱ्याला नेहमीचं शिकवणं. गणिताच्या टॅबचा गट पुढे गेला. केवळ टॅब हाती आल्याच्या अप्रूपाने गुण वाढलेले नाहीत, हे दुसऱ्या गटामुळे कळलं. पुढच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तिथे पहिलीपासून मुली गणितात मागे पडू लागतात. टॅबवर शिकणाऱ्या गटात ही दरी तयारच झाली नाही. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलीलाही टॅब तिची पाळी देतो, असं त्याचं एक कारण असू शकतं.

त्याच सुमारास टांझानियाच्या टांगा प्रांतात सुमारे १७० गावांत टॅबवरचे पाठ बनवणाऱ्यांची एक स्पर्धाच झाली. शाळेचं तोंडही न पाहिलेली बरीच मुलं त्यात होती. त्यांना किस्वाहिली भाषेतले टॅब दिले, चार्जिंगसाठी सौरऊर्जेची सोय केली आणि पंधरा महिन्यांनी तपासलं. सुरुवातीला नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना एक शब्दही वाचता येत नव्हता. शेवटी अशा मुलांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ नावाच्या या स्पर्धेचं पहिलं बक्षीस २०१९ मध्ये वनबिलियन आणि ‘किटकिट स्कूल’ यांना विभागून मिळालं. शिक्षक नसलेल्या गावात हे यश मोठंच आहे. पण निम्मी मुलं पंधरा महिन्यांनीही एक शब्द वाचू शकत नव्हती, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

पेरू आणि मलावी यांच्यात फरक कशाचा? पेरूत आधी यंत्र गेलं आणि त्यावर काय शिकायचं हे शाळेवर सोडलं गेलं. मलावीत आधी अभ्यासक्रम ठरला. तो मातृभाषेत होता, छोट्या पायऱ्यांचा होता, एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची उघडत नव्हती, आणि टॅबची वेळ रोज अर्ध्या तासाच्या आसपास बांधलेली होती. दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांवरचा अभ्यासही हेच सांगतो. मुलं तिथे मोठी, सहावी ते नववीची होती. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि ॲलेहांद्रो गानिमियान यांना आढळलं की सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे आहे. त्यांच्या प्रयोगात संगणक मुलाची खरी पातळी ओळखून तिथून प्रश्न देत होता आणि साडेचार महिन्यांत गुण चांगलेच वाढले. मात्र नव्वद मिनिटांच्या बैठकीतला निम्मा वेळ संगणकासमोर आणि निम्मा शिक्षकाबरोबर गटात जात होता, ही गोष्ट जाहिरातीत सहसा येत नाही.

आपल्या शाळांमध्ये

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. निग्रोपॉन्टे यांच्या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या शाळेत झाला होता. पुढे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाडा ही आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा टॅबवर शिकणारी शाळा म्हणून गाजली. तिथले शिक्षक संदीप गुंड यांचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात गावोगावी लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. गावकऱ्यांनी शाळेसाठी खिशात हात घातला, हे त्या लाटेचं मोठं संचित. पण वर्गणी एकदा गोळा होते. बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते, काच फुटते, ॲप जुनं होतं. खरेदीच्या दिवशीच दुरुस्तीची तरतूद केली नाही, तर टॅब कपाटात जातो.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी पाठ्यपुस्तकातच क्यूआर कोड छापले. पुस्तक मुलाच्या हातात राहिलं आणि गरजेपुरती कविता किंवा चित्रफीत फोनवर उघडली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड आले. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. बालवर्गाच्या दृष्टीने या युक्तीचं मोल असं की पुस्तक मुख्य राहतं आणि यंत्र पाहुण्यासारखं येऊन जातं.

आणि या सगळ्याच्या किती तरी आधी, याच महाराष्ट्रात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी उभी केली होती. माँटेसरीची महाग साधनं परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, माती हीच साधनं केली. मोजणं म्हणजे हातात काही येणं, वजन लागणं, सांडणं आणि पुन्हा गोळा करणं. पडद्यावरच्या दहा चिंचोक्यांना वजन नसतं आणि ते सांडतही नाहीत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला, तोही खेळणी, बाहुल्या, कोडी आणि चित्रपत्रांचा. कोसबाडच्या अनुभवाला हा उशिरा मिळालेला दुजोरा म्हणता येईल.

डोळे आणि घड्याळ

पालकांचा नेहमीचा प्रश्न डोळ्यांचा असतो. चष्मा लागण्यात जवळून बघण्याचा वाटा किती, यावर वाद आहेत. पण मोकळ्या उजेडाच्या फायद्याबद्दल पुरावा भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा एक तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनंतर या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती. नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. प्रखर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन अधिक स्रवतं आणि ते नेत्रगोलकाची लांबी वाढू देत नाही, असं स्पष्टीकरण दिलं जातं. तेव्हा टॅबचा तास वेळापत्रकात कुठल्या तासाच्या जागी आला, हे बघायला हवं. तो मैदानाच्या जागी आला असेल, तर सौदा वाईट आहे.

वेळेची मर्यादा जवळपास सर्वांनी सारखीच सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही पाच वर्षांपर्यंत तासाभराची मर्यादा घातली आहे आणि तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली. हा तास घर आणि शाळा मिळून आहे. घरी जेवताना अर्धा तास कार्टून पाहिलेल्या मुलाच्या वाट्याला शाळेसाठी अर्धाच तास उरतो.

स्वीडनने या बाबतीत आपलं धोरणच फिरवलं. २०१९ पासून तिथल्या बालवाड्यांत डिजिटल साधनं अभ्यासक्रमाने बंधनकारक होती. २०२३ मध्ये सरकारने ही सक्ती काढायचं ठरवलं आणि त्याच वर्षी शाळांना पुस्तकं घेण्यासाठी ६८५ दशलक्ष क्रोनर मंजूर केले. त्या वर्षी युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालानेही विचारलं की, शिक्षणात तंत्रज्ञान नेमकं कुणाच्या अटींवर येत आहे. स्वीडनचा निर्णय म्हणजे टॅब वाईट असल्याचा पुरावा नव्हे. तिथल्या बालवाड्यांत शिक्षक, पुस्तकं आणि मैदान सहसा आधीपासून असतात. मलावीच्या शंभर मुलांच्या वर्गाला जो टॅब आधार देतो, तोच पंधरा मुलांच्या वर्गात शिक्षिकेची जागा अडवू शकतो.

मग करायचं काय?

पुराव्यांचा सूर एकच आहे. बालवाडी ते दुसरीच्या वर्गात टॅब हा थोड्या वेळाचा, ठरलेल्या कामाचा सहायक म्हणून शोभतो. मराठीतले ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवणं, संख्यांचा सराव मुलाच्या पातळीवरून घेणं, त्याचं वाचन टिपून त्यालाच ऐकवणं, गोष्टी पुरवणं, ही कामं त्याने करावीत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतली पुष्कळ सचित्र पुस्तकं विनामूल्य आहेत, गावात वाचनालय नसेल तर ती लाखमोलाची. दोघा-तिघा मुलांत एक टॅब दिला तर पैसे वाचतात आणि ‘आता माझी पाळी’, ‘अरे, तिथे नको, इथे दाब’ असं बोलणंही घडतं. पहिलं अक्षर मात्र पाटी, माती, कागद यांवर मोकळ्या हाताने काढायचं, मोजायचं ते हातात धरता येणाऱ्या वस्तूंवर, आणि शिक्षकाशी होणाऱ्या गप्पांना पर्याय नाही.

पाल्याच्या शाळेत टॅब आले असतील, तर पुढच्या पालकसभेत एवढं जरूर विचारा. टॅबवर रोज किती मिनिटं आणि कुठल्या तासाच्या बदल्यात? त्यावरचे पाठ कुणी निवडले आणि ते मराठीत आहेत का? त्या वेळात बाई किंवा सर कुठे बसलेले असतात? बिघडला तर दुरुस्त कोण करणार? आणि टॅबवर जे शिकलं, ते टॅब बंद असताना मुलाला जमतं का, हे कधी तपासलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शाळेकडे असेल, तर निर्धास्त राहा. नसेल, तर नवे टॅब घेण्यासाठी वर्गणी देण्याआधी ते मागा.